कणी आणि गांबियाका : सेनेगल-मालीच्या तांदूळ आयातीचं एक प्रकरण

२० जून १९६० रोजी पश्चिम आफ्रिकेतले दोन शेजारी प्रदेश एकाच नावाने स्वतंत्र झाले. सेनेगल आणि फ्रेंच सुदान यांनी मिळून 'माली संघराज्य' स्थापन केलं होतं. हा संसार बरोबर दोन महिने टिकला. २० ऑगस्टला सेनेगल बाहेर पडला, उरलेल्या भागाने माली हे नाव स्वतःकडे ठेवलं आणि सेनेगलची राजधानी डकार ते मालीची राजधानी बामाको ही रेल्वे पुढची जवळजवळ तीन वर्षं सरहद्दीवर अडकून पडली. मालीने १९६२ मध्ये सामाईक चलन, सीएफए फ्रँक, सोडला आणि १९८४ मध्ये तो परत घेतला. बाकी दोघांचं घराणं एकच. राज्यकर्ता तोच, कचेरीची भाषा तीच, दोघांच्या मोठ्या नद्याही शेजारच्या गिनीच्या डोंगरांतूनच निघालेल्या.

आज सेनेगलमध्ये शिजणाऱ्या तांदळातला निम्म्याहून जास्त भाग जहाजातून आलेला असतो. मालीत बाहेरचा तांदूळ साधारण दहातला एक किंवा त्याहून थोडा जास्त. एका घरातून निघालेले दोन भाऊ इतके वेगळ्या वाटेला कसे लागले, याचा हा अभ्यास.

मी झाडीपट्टीतला. भरडाईच्या गिरणीत धान ओतलं की चार गोष्टी बाहेर पडतात : तूस, कोंडा, अख्खा तांदूळ आणि तुटलेला. त्या तुटलेल्याला आमच्याकडे कनकी म्हणतात, कोकणात कणी. चाळणीखालच्या पोत्यात ती साठते, ओंजळीत घेतली तर बोटांच्या फटीतून रव्यासारखी ओघळते. आमच्या घरी ती आजारी माणसाच्या पेजेला आणि कोंबड्यांना. याच कणीसाठी एक अख्खा देश डोळे लावून बसलेला असतो आणि दिल्लीतल्या एका अधिसूचनेने त्याच्या राजधानीतला भाव हलतो, हे कळल्यापासून हे प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आधी माप

आयातीवरचं अवलंबन मोजायचा हिशोब सोपा आहे. देशात पिकलेला तांदूळ अधिक आयात, त्यातून निर्यात वजा. जे उरेल त्यात आयातीचा वाटा किती टक्के, ते बघायचं. यात चूक करायला दोन जागा आहेत. पहिली, उत्पादनाचे आकडे धानाचे असतात आणि आयातीचे तांदळाचे. शंभर किलो धान भरडलं की पासष्टच्या आसपास तांदूळ हाती येतो, म्हणून आधी तो उतारा लावून घ्यावा लागतो. अनेक लेखांत धान आणि तांदूळ सरळ एकमेकांत मिळवलेले दिसतात आणि देश आहे त्यापेक्षा स्वावलंबी भासतो. दुसरी जागा डकार बंदराची. तिथे उतरणारा सगळा तांदूळ सेनेगलच्या पोटात जात नाही. काही पोती ट्रकने मालीला जातात, काही गांबियाकडे सरकतात. उलट मालीतला तांदूळ मॉरिटानियाकडे कुठल्याही नोंदीशिवाय जातो. म्हणून खालचे आकडे मी जाणूनबुजून ढोबळ करून दिलेत. ते दिशा कळावी इतपत भरवशाचे आहेत, दशांश चिन्हापर्यंत नेण्याइतके नाहीत.

२००० च्या सुमाराला सेनेगलमध्ये दोन लाख टनांच्या आसपास धान पिकत होतं, म्हणजे सव्वा लाखाहून थोडा जास्त तांदूळ. आयात साडेपाच लाख टनांच्या घरात. शंभर दाण्यांतले ऐंशी बाहेरचे. वीस वर्षांनी धान साडेतेरा लाख टनांवर गेलं, तांदूळ नऊ लाखांच्या जवळ. वाटा ऐंशीवरून पंचावन्नच्या आसपास उतरला. कागदावर हे मोठं यश आहे आणि सेनेगल नदीकाठच्या शेतकऱ्यांनी ते घाम गाळून मिळवलेलं आहे. पण त्याच काळात आयात साडेपाच लाखांवरून दहा लाखांच्या पलीकडे गेली. टक्का खाली आला आणि जहाजं जवळजवळ दुप्पट झाली. देशाच्या तिजोरीतून परकीय चलन टक्क्यांवर जात नाही, टनांवर जातं.

मालीचं उलटं आहे. २००० ला साडेसात लाख टन धान, म्हणजे पाच लाखांच्या आत तांदूळ, आणि आयात लाखभर टनांच्या आत. २०२० ला धान तीस लाख टनांच्या घरात आणि आयात दोन-तीन लाख टन. वाटा जवळजवळ तिथेच, पण ताटं किती वाढली बघा. बाजरी-ज्वारीच्या पिठाची घट्ट उकड आणि भेंडीचं कालवण हे मालीचं मूळ जेवण. त्या देशाने भात खायची सवय लावून घेतली आणि तो भात मुख्यतः आपल्याच शेतातून आणला. नुसता टक्का बघणाऱ्याला या वीस वर्षांत मालीत काही घडलंच नाही असं वाटेल.

कणी ताटात आली कशी

सेनेगलमध्ये भात पूर्वी नव्हता असं नाही. दक्षिणेकडच्या कासामान्समध्ये जोला लोक कित्येक शतकं भात पिकवतात. खारफुटी तोडून, बांध घालून, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढून, 'कायेंदो' नावाच्या लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने वाफे करून. आपल्या कोकणातल्या खार जमिनी ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे काम वेगळं समजावून सांगायला नको. पण कासामान्स आणि डकार यांच्या मध्ये गांबिया हा वेगळा देश पाचरीसारखा बसलेला आहे, १९८२ पासून कासामान्समध्ये फुटीरतेचा संघर्षही झाला. तो भात राजधानीच्या ताटाला फारसा कधी पोचलाच नाही.

डकारचा भात आला व्हिएतनाममधल्या सायगावहून. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी सेनेगलमध्ये भुईमूग लावला. १८८५ मध्ये डकार-साँ लुई रेल्वे सुरू झाली, ती भुईमुगाच्या पट्ट्यातून. फ्रान्समधल्या बोर्दो आणि मार्सेयच्या व्यापारी पेढ्यांना शेंगा हव्या होत्या आणि शेतकऱ्याने बाजरी सोडून शेंगा लावाव्यात म्हणून त्याच्या पोटाची दुसरी सोय करणं भाग होतं. फ्रेंचांच्याच ताब्यातल्या इंडोचीनमध्ये (आजचे व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस) गिरण्यांत कणीचे ढीग पडत होते. अख्खा दाणा चांगल्या भावाने दुसरीकडे खपायचा, कणीला गिऱ्हाईक नव्हतं. ती बोटीत भरून पश्चिम आफ्रिकेला आली. पेरणी ते सुगी या तंगीच्या महिन्यांत व्यापारी कणी उधारीवर द्यायचा आणि सुगीला तिची परतफेड शेंगांनी करून घ्यायचा. ज्या घरात ही उचल शिरली त्या घरात पुढच्या वर्षी बाजरीचं शेत आणखी थोडं आक्रसलं.

साँ लुईच्या बायकांनी मात्र या टाकाऊ दाण्याचं सोनं केलं. त्यांच्या हाताखाली 'चेबू जेन' तयार झालं, वोलोफ भाषेत मासळी-भात. पेंदा म्बाये या स्वयंपाकिणीचं नाव त्याच्याशी जोडलं जातं आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली. करायची रीत बघितली की कणीचा हट्ट का, ते समजतं. लसूण, मिरची, पार्सली वाटून ते माशाच्या पोटात भरायचं. तेलात मासा परतायचा, टोमॅटोचा गर टाकायचा, पाणी घालून कोबी, गाजर, वांगं, कसाव्याचा कंद त्यात शिजवायचा. भाज्या-मासळी काढून घेतली की लाल, चिकट रस्सा मागे राहतो. तांदूळ आधी त्याच भांड्यावर चाळणीत वाफवून घेतलेला असतो, मग तो या रश्श्यात उतरवतात. तुटका दाणा चहूबाजूंनी रस्सा पितो आणि तरी गोळा होत नाही. अख्खा दाणा तसा पीत नाही. शेवटी तळाला धरलेली खरपूड उलथन्याने खरवडून वेगळी वाढतात, तिच्यावर घरातल्या मुलांची नजर असते. एकाच मोठ्या परातीभोवती सगळे बसतात. सेनेगली माणूस वर्षाला शंभर किलोच्या आसपास तांदूळ खातो, त्यातला मोठा भाग या आणि अशा परातींतून.

हे मी लांबवून सांगितलं, कारण आयातीवरच्या अनेक अहवालांत 'ग्राहकांची परदेशी मालाची ओढ' असं एका ओळीत उरकलेलं असतं. त्यात त्या बायकांचा अपमान आहे असं मला वाटतं. त्यांनी परदेशी माल निवडला नव्हता. जो माल त्यांच्या दारात टाकला गेला, त्यातून त्यांनी उत्तम ते केलं. पुढच्या पिढ्यांची जीभ त्यावर वाढली.

दुसऱ्या महायुद्धात इंडोचीनची वाट तुटली तेव्हा फ्रेंचांनाच या परावलंबनाचा धसका बसला. सेनेगल नदीच्या खालच्या खोऱ्यात रिशार-तोल इथे त्यांनी हजारो हेक्टरांची यांत्रिक भातशेती उभी केली. खारं पाणी, रानटी भात आणि पाखरांचे थवे यांनी तिला पुरतं सतावलं. १९७० च्या दशकात ती जमीन उसाकडे गेली, आजही तिथे साखर कारखाना आहे. स्वावलंबनाचा पहिला प्रयत्न असा संपला, आणि तोही परक्या सरकारचा.

मार्कालाचं पाणी

मालीला वारसा मिळाला तोही फ्रेंचांचाच, पण वेगळा. १९३२ मध्ये त्यांनी 'ऑफिस दु निजेर' ही संस्था काढली. एमिल बेलीम या अभियंत्याचं स्वप्न होतं की नायजर नदीचं पाणी जवळजवळ दहा लाख हेक्टरांवर फिरवायचं आणि फ्रान्सच्या गिरण्यांसाठी कापूस पिकवायचा. १९३४ ते १९४७ या काळात मार्कालाचा बंधारा वेठबिगारीवर बांधला गेला. वसाहतकरी म्हणून दूरच्या प्रदेशांतली कुटुंबं उचलून आणली, त्यांत आजच्या बुर्किना फासोमधले मोसी लोक पुष्कळ होते. दहा लाख हेक्टरांचं स्वप्न ऐंशीच्या दशकापर्यंत एक लाखालाही पोचलं नाही. कापूस जमला नाही म्हणून १९७० मध्ये सोडून दिला, उरला भात.

पण बंधारा मात्र नेमक्या जागी बसला होता. तो नदीची पातळी सुमारे साडेपाच मीटर उचलतो आणि पाणी नायजरच्या जुन्या, कोरड्या पडलेल्या पात्रांतून उताराने निओनो या भातपट्ट्यातल्या गावापर्यंत आपसूक जातं. पंप नाही, डिझेल नाही, विजेचं बिल नाही. सेनेगल नदीच्या खोऱ्यात नेमकं उलटं आहे. तिथे नदी खाली आणि शेत वर, बहुतेक बांध्यांना पाणी पंपाने उचलून द्यावं लागतं. एक एकर भात भिजवायला येणारा हा खर्चातला फरक दोन्ही देशांच्या प्रत्येक हंगामात, प्रत्येक पोत्यात आहे. विदर्भात कालव्याखालचा आणि मोटारीवरचा अशा दोन्ही धानकऱ्यांना विचारा, ते हा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला समजावतील.

नुसत्या पाण्याने काही झालं नाही हेही तितकंच खरं. स्वातंत्र्यानंतर माली सरकारने धान्याची खरेदी स्वतःच्या हाती घेतली. ठरल्या भावाने ठरल्या कचेरीलाच धान घालायचं. आर्थिक गुन्ह्यांचे पोलिस गावोगाव फिरायचे आणि ठरवून दिलेल्या मापापेक्षा जास्त धान कुणाच्या घरात सापडलं तर जप्त करायचे. आपल्याकडच्या लेव्हीच्या आठवणी ज्यांनी ऐकल्यात त्यांना याची चव माहीत आहे. शेतकरी मालक नव्हता, संस्थेचा कुळ होता. उतारा कमी पडला तर जमिनीवरून उठवलं जायचं. अशा माणसाने बांधीत जीव का ओतावा? ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हेक्टरी उतारा दोन टनांनाही पोचत नव्हता, कालवे गाळाने भरले होते, आणि दुष्काळाच्या वर्षांत मालीही आयातीच्या रांगेत सेनेगलच्या शेजारीच उभा होता.

तिथून जे बदललं ते बघण्यासारखं आहे. १९८१ पासून धान्यबाजार टप्प्याटप्प्याने मोकळा होऊ लागला. १९८४ मध्ये ते पोलिस गेले. डच आणि फ्रेंच मदतीने कालवे दुरुस्त झाले, शेतं सपाट केली गेली आणि फेकून पेरण्याऐवजी रोवणी सुरू झाली. मूळ श्रीलंकेचं बीजी ९०-२ हे बुटकं वाण आलं. आणि सरकारी अवाढव्य गिरण्यांना बाजूला सारून गावात छोट्या डिझेल भरडणी यंत्रांचा सुळसुळाट झाला. माझ्या मते या सगळ्यात मोठी गोष्ट ही शेवटची. यंत्र गावात आलं तेव्हा बायकांच्या हातातलं मुसळ सुटलं. आणि पहिल्यांदाच शेतकऱ्याच्या हातात धानाऐवजी तांदूळ आला. धान विकणारा गिरणीच्या दारात उभा राहतो, तांदूळ विकणारा घरी ठेवून भावाची वाट बघू शकतो. २००० च्या आसपास उतारा हेक्टरी पाच टनांच्या पुढे गेला आणि दोन दशकांत या प्रकल्पाचं उत्पादन कित्येक पटींनी वाढलं. १९९६ पासून सरकार, संस्था आणि शेतकरी प्रतिनिधी असा तिघांचा करार झाला, पाणीपट्टीचा पैसा कालव्यावर कसा खर्च व्हावा यात शेतकऱ्याला बोलायला जागा मिळाली.

१९९४ : एकच धक्का, दोन परिणाम

सेनेगलने काही केलं नव्हतं असं नाही, उलट खर्च त्याने जास्त केला. १९६५ मध्ये नदीखोऱ्यासाठी 'साएद' ही सरकारी संस्था, १९८६ मध्ये समुद्राचं खारं पाणी अडवणारं दियामा धरण, १९८८ मध्ये वरच्या अंगाला माननताली. हे माननताली आहे मालीच्या हद्दीत. सेनेगलच्या उन्हाळी भाताला लागणारं पाणी मालीतल्या दरवाज्यांतून सुटतं, दोन देशांमधलं हे नातं राजकारणाच्या सगळ्या चढउतारांत टिकून आहे. १९९४ मध्ये सहेल १०८ सारखी कमी दिवसांची वाणं आली. पुढे 'असी' नावाचं मळणी यंत्र तिथल्याच संशोधकांनी आणि लोहारांनी मिळून घडवलं. उतारा हेक्टरी पाच-सहा टन. म्हणजे सेनेगली शेतकरी मालीच्या शेतकऱ्यापेक्षा उताऱ्यात कुठेही कमी नव्हता. हे ठळकपणे सांगितलं पाहिजे, कारण आयात वाढली की पहिलं बोट शेतकऱ्याकडे जातं.

१२ जानेवारी १९९४ रोजी सीएफए फ्रँकची किंमत एका रात्रीत निम्मी झाली. बाहेरचा तांदूळ दुप्पट महाग व्हायला हवा आणि देशी तांदळाला चांगले दिवस यायला हवेत. मालीत तसंच झालं. आयात तांदूळ डकारहून बामाकोपर्यंत सुमारे बाराशे किलोमीटर ट्रकने किंवा रेल्वेने यायचा, त्यावर ते भाडं चढायचं, वर आता चलनाचा फटका. निओनोचा तांदूळ बाजारात तरारून उभा राहिला. त्यात बामाकोच्या गिऱ्हाइकाला 'गांबियाका' नावाने विकल्या जाणाऱ्या देशी तांदळाची चव आवडते, आयात तांदळापेक्षा चार पैसे जास्त मोजून तो घेतो. पोत्यात हात घालून दाणा दाताखाली दाबून बघणारं गिऱ्हाईक असलं की देशी मालाला संरक्षण द्यायला वेगळा कायदा लागत नाही.

सेनेगलमध्ये सरकारचीच खरेदी, सरकारचीच गिरणी आणि आयातही सरकारच्याच हातात अशी साखळी होती. महाग असली तरी खोऱ्यातल्या धानाला ती एक खात्रीची वाट देत होती. नेमकी त्याच वर्षांत ती मोडली. १९९४ मध्ये गिरण्या आणि धानाचा भाव मोकळा केला, १९९५-९६ मध्ये आयात खाजगी व्यापाऱ्यांकडे गेली. डकारचा आयातदार मोठ्या भांडवलाचा, घाऊक दुकानदाराला उधारी देणारा, वर्षभर एकाच प्रतीची, चाळून निवडलेली सुवासिक कणी पुरवणारा. समोर खोऱ्यातली छोटी गिरणी, जिच्या पोत्यात अख्खा, अर्धा आणि चुरा एकत्र, मध्येच खडा. कृषी बँकेचं कर्ज थकलं, पंप बंद पडले, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात खोऱ्यातलं भाताचं क्षेत्र आक्रसलं. मोकळा बाजार दोघांकडे आला. मालीत समोर बाराशे किलोमीटरचा रस्ता होता, सेनेगलमध्ये समोर धक्क्याला लागलेलं जहाज.

२००० पासून दोन्ही देशांत आयात तांदळावरचं सीमाशुल्कही सारखंच, मूळ दर १० टक्के. म्हणजे कायद्याने दोघांना समान वागवलं. मालीचं खरं संरक्षण भूगोलाने केलं.

२००८ नंतर

२००८ च्या जानेवारीत थाई तांदूळ टनाला ४०० डॉलरच्या आत होता, मेपर्यंत तो हजाराच्या आसपास गेला. भारताने एप्रिलमध्ये बिगर-बासमतीची निर्यात बंद केली, ती सप्टेंबर २०११ पर्यंत. डकारमध्ये महागाईविरुद्ध मोर्चे निघाले, पोलिसांनी ते पांगवले. सेनेगलचे अध्यक्ष अब्दुलाये वाद यांनी 'गोआना' ही मोठी शेती मोहीम जाहीर केली. मालीने त्याच वर्षी 'तांदूळ पुढाकार' काढून खताचं ५० किलोचं पोतं १२,५०० फ्रँकला द्यायला सुरुवात केली. मालीचे अधिकृत आकडे एका वर्षात दहा-अकरा लाख टन धानावरून सोळा लाखांवर गेले. इतकं पिकलं असेल तर भाव उतरायला हवा होता, तो बामाकोत तसा उतरला नाही, म्हणून तेव्हाच अनेकांनी या आकड्यावर शंका घेतली आणि ती मलाही रास्त वाटते. पण पुढच्या दशकात उत्पादन खरोखर वाढत गेलं, याबद्दल वाद नाही.

सेनेगलने २०१४ मध्ये ठरवलं की २०१७ पर्यंत सोळा लाख टन धान पिकवून आयात थांबवायची. २०१७ उजाडलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास धान होतं. वर्तमानपत्रांनी अपयश म्हटलं. मला ते वर्तमानपत्री माप पटत नाही. तीन वर्षांत धान पावणेदोन पटीच्या आसपास नेणं हे कुठल्याही खोऱ्यासाठी मोठं काम आहे, मुदत ठरवणाऱ्यांनी निसर्ग विचारात घेतला नव्हता इतकंच. याच काळात खोऱ्यातल्या रॉस बेतिओ गावाच्या परिसरात दाणे वेगळे करणाऱ्या चांगल्या गिरण्या उभ्या राहिल्या, देशी तांदूळ कणी करून, चाळून, पिशवीत भरून विकायला लागला. ग्राहकाने त्याला नाक मुरडलं नाही.

तरी पाखरं आहेतच. लाल चोचीच्या क्वेलिया या चिमण्या हजारोंच्या थव्याने दुधावर आलेल्या कणसांवर उतरतात. माणसं, मुलं उजाडल्यापासून बांधावर उभी राहून पत्र्याचे डबे बडवतात, गोफण फिरवतात. थवा उठतो आणि शेजारच्या शेतात बसतो.

मालीचंही सगळं सुखाचं नाही. उन्हाळ्यात नायजरला पाणी कमी, त्यामुळे दुसरं पीक थोड्याच क्षेत्रावर होतं, आणि वर जास्त पाणी काढलं तर खालच्या अंतर्गत त्रिभुज प्रदेशातल्या मासेमारांचं आणि गुराख्यांचं जगणं सुकतं. २०१२ पासून देश युद्धात आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये निओनो भागातलं फाराबुगू हे गाव जिहादी टोळ्यांनी वेढलं, लोकांना उभ्या पिकापर्यंत जाता येईना. जानेवारी ते जुलै २०२२ शेजारी राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे सेनेगलची सरहद्द बंद होती. बाराशे किलोमीटरचा रस्ता आयातीला अडवतो तसा अडचणीच्या वर्षी मदतीलाही अडवतो.

दिल्लीची अधिसूचना

२०११ नंतर भारतीय कणी डकारच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर शिरली. थायलंडची कणी आधी होती, भारताची स्वस्त पडली. आंध्रातल्या काकीनाडा बंदरातून भरलेली पोती आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने कणीची निर्यात एकदम बंद केली. कारणं आपल्या घरची होती. कोंबड्यांचं खाद्य महागलं होतं, इथेनॉलला कणी हवी होती, चीन जनावरांच्या खाद्यासाठी जहाजंच्या जहाजं उचलत होता. सेनेगलसाठी सरकार ते सरकार अशी खास परवानगी पुढे निघाली. एका सार्वभौम देशाला रोजच्या जेवणासाठी असा अर्ज करावा लागतो, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली. बंदी चुकीची होती असं मी म्हणत नाही, आपल्याकडच्या भावाची काळजी सरकारने करायची नाही तर कुणी करायची? पण आमच्या गिरणीतल्या चाळणीखालचं पोतं कुणाच्या परातीशी बांधलेलं आहे, हे इथे बंदीच्या चर्चेत कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. पोल्ट्रीवाले बोलले, कारखानदार बोलले.

सेनेगलने या धक्क्यावर काय करावं, याबद्दल माझं एक मत आहे. कांद्याच्या बाबतीत तो देश हंगामात आयातीला सरळ कुलूप लावतो, देशी कांदा संपला की उघडतो, आणि त्या कुलपाखाली त्याचा कांदेवाला शेतकरी उभा राहिला. तांदळाला हे कुलूप लावता येत नाही, कारण निम्मं ताट रिकामं राहील. पण कापणीनंतरचे दोन-तीन महिने, खोऱ्यातला तांदूळ उचलला जाईपर्यंत, आयातीचा वेग आवरणं शक्य आहे. आयात परवाना देशी खरेदीशी जोडण्याचे प्रयत्न तिथे झालेले आहेत. ते हंगामागणिक सोडून न देता चालवले, तर रॉस बेतिओच्या गिरणीवाल्याला बँकेसमोर दाखवायला एक खात्रीचा महिना मिळेल. मालीच्या शेतकऱ्याला हीच खात्री रस्त्याच्या लांबीने दिली होती.

मार्च २०२५ मध्ये भारताने कणीवरची बंदी उठवली. सेनेगल नदीच्या त्रिभुज प्रदेशात उन्हाळी भाताची पेरणी फेब्रुवारी-मार्चमध्येच होते. मोड आलेलं बी चिखलात फेकायचं, कोकणात रहू म्हणतात तसं. पंपाचं डिझेल, खत, बी यांचं कर्ज त्याआधी उचललेलं असतं आणि ते बंदीच्या दिवसांतला भाव डोळ्यांपुढे ठेवून उचललेलं असतं. आपल्या कणीची वाट मोकळी झाली तेव्हा त्या वाफ्यांत बोटभर उंचीचे कोंब उभे होते आणि कापणीला चार महिने होते.